सतरा किलोमीटरवरचा दिवा

मराठीच्या प्राध्यापकाने गणिताच्या वाटेला जाऊ नये, असे माझे फार जुने मत आहे. घरातल्या वाण्याच्या हिशेबालाही मी हात लावीत नाही. परंतु आयुष्यात एकदा मी गणिताचा आधार घेतला, आणि तोही आईला खोटे पाडण्यासाठी! त्या हिशेबातली चूक कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

आमचे घुग्घुस हे कोळशाचे आणि सिमेंटचे गाव. सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा सदरा संध्याकाळी कोणत्या रंगाचा होऊन घरात येईल, याची इथे कुणी हमी देत नाही. वडील खाणीत नोकरीला होते. आई लग्न होऊन खाणीच्या क्वार्टरमध्ये आली, ती वर्धा नदीपलीकडच्या, वणी तालुक्यातल्या एका खेड्यातून. सरळ रेषेत अंतर अवघे १७ किलोमीटर. पण लग्नातल्या मानपानावरून दोन्ही घरांत असे काही बिनसले, की ते अंतर तीन वर्षे कुणाला ओलांडता आले नाही. पहिली दिवाळी आली. आईने माहेरी जायचे नाही आणि मामाने इकडे यायचे नाही, असा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा हुकूम सुटला.

मामा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. बाजाराला येणाऱ्या एका बाईबरोबर त्याने निरोप धाडला, ‘भाऊबीजेच्या रात्री वावरातल्या मचाणावर गॅसबत्ती टांगतो. तू गच्चीवरून ओवाळ.’ आई शिडी लावून गच्चीवर गेली, आणि नदीपलीकडे, अगदी क्षितिजाला टेकलेल्या चांदणीएवढ्या उजेडाला तिने ओवाळले. अशा तीन भाऊबीजा झाल्या. चौथ्या वर्षी मोठी मंडळी निवळली आणि मामा स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

ही गोष्ट आई दर दिवाळीला सांगत असे. फराळाच्या ताटात चकली जितकी ठरलेली, तितकीच ही गोष्ट ठरलेली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची दिवाळी. घर पाहुण्यांनी भरलेले. आईने गोष्ट काढली आणि नवा नवा शहाणा झालेला मी मध्येच म्हणालो, “आई, पृथ्वी गोल आहे. सतरा किलोमीटरवरची वस्तू गोलाव्यामुळे जवळजवळ तेवीस मीटर खाली जाते. मामाचं मचाण काय ताडाएवढं होतं?”

सगळे हसले. आईही हसली आणि चिवडा आणायला आत गेली. त्यानंतर ती गोष्ट तिने पुन्हा कधी सांगितली नाही. मला वाटले, विज्ञानाचा विजय झाला!

दोन वर्षांपूर्वी मामा गेला. गेल्या दिवाळीत माझा पुतण्या नागपूरहून आला होता. संगणकावर नकाशे तयार करणे हा त्याचा व्यवसाय. सुटीतही त्याच्या मांडीवर काम होतेच. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत वणव्यावर पाळत ठेवण्यासाठी मनोरे कुठे उभारावेत, म्हणजे त्यांवरून जास्तीत जास्त रान नजरेत येईल, हे तो शोधीत होता. फेब्रुवारी २००० मध्ये एका अंतराळयानातून रडारने पृथ्वीवरच्या जमिनीची उंची मोजली गेली. ते आकडे आज कुणालाही फुकट मिळतात. क्यूजीआयएस नावाच्या प्रणालीला ते द्यायचे, मनोऱ्याची जागा आणि उंची सांगायची, की तिथून दिसणारा मुलूख ती रंगवून दाखवते.

“पण काका, पहिल्यांदा मी एक चौकोन खूण न करता सोडला,” तो म्हणाला, “‘पृथ्वीची वक्रता’ असं लिहिलेला. मग काय, यंत्रानं पृथ्वी पाटासारखी सपाट धरली. दहा किलोमीटरवर आठ मीटरची चूक, तीसवर सत्तर मीटरची! अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. जे रान दिसणार नव्हतं तेही दिसतं म्हणून रंगवलं गेलं.”

मी मोठ्या ऐटीत त्याला माझा तो जुना हिशेब सांगितला. तो हसला. “तेवीस मीटर बरोबर आहेत, काका. पण तुम्ही आजीला जमिनीवर आडवी झोपवून, डोळा मातीला लावून दिवा पाहायला लावलात. आजी गच्चीवर उभी होती ना? आणि हवा कुठे गेली तुमची?”

हवा? मग त्याने मला समजावून सांगितले. जमिनीलगतची हवा दाट, वरची विरळ. त्यामुळे उजेड अगदी सरळ न जाता किंचित खाली, पृथ्वीच्या बाकाकडे झुकत येतो. गोलाव्याने जेवढे झाकले जाते, त्यातला साधारण आठवा हिस्सा हवा परत करते. म्हणून त्या प्रणालीत दुसरा एक आकडा भरावा लागतो, ०.१३. रात्री जमीन निवली म्हणजे हा झुकाव आणखी वाढतो.

“हे हिशेबात धरून मोजणी करणारे लोक आपल्या दारावरूनच गेलेत,” तो म्हणाला. हिंदुस्थानची मोजणी १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, दक्षिणेकडून माप घेत घेत येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. घुग्घुसपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरदेखील नाही! त्याचे काम पुढे नेणारा जॉर्ज एव्हरेस्ट. जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचे नाव दिले गेले तोच. गंगेच्या सपाट खोऱ्यात त्याला जमिनीवरून लांबचे काही दिसेना, म्हणून त्याने सुमारे १५ मीटर उंचीचे पक्के मनोरे बांधले. आणि दिवसा न दिसणाऱ्या खुणा टिपण्यासाठी तो रात्री लांबवर दिवे लावून मोजणी करी, कारण रात्रीची हवा ते दिवे उचलून दाखवी.

मी गप्प झालो. मग हळूच म्हणालो, “आपली गच्ची आणि मामाचं वावर घालून बघ बरं.”

गच्चीवर आईचा डोळा जमिनीपासून ६ मीटर. मचाणावरची बत्ती ५ मीटर. दोन्ही ठिकाणे जवळपास सारख्या पातळीवर, आणि मध्यावर तितक्याच पातळीचा एक उंचवटा. पृथ्वी सपाट धरली तेव्हा दिवा दिसला. गोलावा धरला तेव्हा मध्याचा उंचवटा ५.७ मीटर वर आला आणि नजर त्याला अडली. किती? अवघी वीतभर! मग त्याने हवेचा आकडा भरला. नजर उंचवट्यावरून हातभराहून थोडी अधिक वरून निघून गेली.

“म्हणजे दिसत होता!” मी जवळजवळ ओरडलोच.

“तसं छातीठोकपणे नाही म्हणता येणार, काका. ह्या उंचीच्या आकड्यांतच काही मीटरांचा फरक असू शकतो. शिवाय उंचवट्यावर त्या साली काय पीक उभं होतं, हे यंत्राला काय ठाऊक? पण तुमचा ‘शक्य नाही’ हा शब्द मात्र काढून टाका.”

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी आईजवळ जाऊन बसलो. ती वाती वळत होती. मी तिला सारे सांगितले. गोलावा, हवा, एव्हरेस्टचे दिवे, वीत आणि हात. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मले कधी शंकाच नव्हती,” ती म्हणाली. “त्यानं बत्तीपुढं तीनदा घोंगडी धरली होती. निरोपातच तसं सांगितलं होतं. तिसऱ्यांदा उजेड आला तवा मी ओवाळलं. वाऱ्यानं का कोणता दिवा तीनदा मोजून झाकत असते?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर?”

“पावणे होते नं बाबू घरात,” वातीवरची नजर न काढता ती म्हणाली. “तुयं हसू झालं असतं.”

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. पृथ्वीचा गोलावा मी शिकलो होतो. त्यावरून उजेड कसा वाकून येतो, हे शिकायचे राहून गेले होते.

आता ज्याला ओवाळायचे तो भाऊ राहिला नव्हता. अशा वेळी चंद्राला ओवाळतात. पुतण्याने आजीचा हात धरून तिला जिन्याने गच्चीवर नेले. मी तबक घेऊन मागोमाग गेलो. नदीकडचे आकाश कारखान्यांच्या दिव्यांनी आणि धुळीने भरलेले. त्यात मामाचे वावर कुठे असेल ते बोट दाखवून सांगणेही अवघड. पण त्याच दिशेला बीजेची बारीक कोर तांबूस होऊन खाली उतरत होती.

“काका,” पुतण्या माझ्या कानात म्हणाला, “चंद्रालासुद्धा हवा उचलून धरते. तो क्षितिजाला टेकलेला दिसतो ना, तेव्हा खरा तो बुडालेला असतो.”

मी त्याला खुणेनेच गप्प केले. आईने पदर सारखा केला, निरांजन लावले आणि ओवाळायला सुरुवात केली.