यंत्राची पारख

वऱ्हाडातील जुन्या घरांत स्वयंपाकघरात पावशी असे आणि पानाच्या डब्यात अडकित्ता असे. पावशीवर भाजी चिरता येई, कांदा कापता येई आणि टोकाला दातेरी पाते असल्यास नारळही खवता येई. अडकित्त्याला मात्र एकच काम ठाऊक, ते म्हणजे सुपारी कातरण्याचे. तरीही घरात पावशी आहे म्हणून अडकित्ता कोणी टाकून दिला नाही. अनेक कामे करणारी वस्तू आणि एकच काम नेटके करणारी वस्तू, अशा दोहोंनाही संसारात आपापली जागा असते. पेच पडतो तो, दोहोंपैकी एकच घेण्यापुरते पैसे गाठीला असतात तेव्हा.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाच पेच एका नव्या रूपाने पुष्कळ घरांत आला. दूरचित्रवाणी संचाला जोडण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे? केवळ चित्रपटांच्या तबकड्या दाखविणारा प्लेयर घ्यावा, की खेळही खेळू देणारा आणि चित्रपटही दाखविणारा गेम कन्सोल घ्यावा?

हा पेच नीट समजण्यासाठी प्रथम तबकडीची ओळख करून घेतली पाहिजे. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या दिसावयास सख्ख्या बहिणी. तिघींचाही व्यास १२ सेंटिमीटर. परंतु त्यांच्यावरील लेखन मात्र सारखे नसते. सीडी ज्या लेझर किरणाने वाचली जाते त्याची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते. डीव्हीडीच्या तांबड्या किरणाची ६५०, तर ब्लू-रेच्या निळसर जांभळ्या किरणाची ४०५ नॅनोमीटर असते. जाड टाकाने लिहिले तर पानावर थोडीच अक्षरे मावतात, बारीक टाकाने पुष्कळ मावतात. तसाच हा प्रकार आहे. १९९३ साली आलेल्या व्हिडिओ सीडीवर, म्हणजे व्हीसीडीवर, सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असे. म्हणून एक चित्रपट बहुधा दोन तबकड्यांवर येई. १९९६ साली बाजारात आलेल्या डीव्हीडीच्या एका थरावर संपूर्ण चित्रपट मावू लागला. २००६ साली आलेल्या ब्लू-रेचा एक थर तर तशा पाच थरांहूनही अधिक मजकूर साठवू शकतो.

पण किरण पडला म्हणजे वाचन झाले, असे नाही. देवनागरी वाचणाऱ्या मुलासमोर मोडीतील कागद ठेवला, तर त्याचे डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी त्याला अर्थ लागत नाही. यंत्राचेही असेच आहे. त्याला जी लिपी शिकविलेली असते, तीच ते वाचते.

या काळात जपानच्या सोनी कंपनीने एक युक्ती केली. २००० साली तिने आपल्या दुसऱ्या प्लेस्टेशनमध्ये डीव्हीडी दाखविण्याची सोय केली आणि २००६ साली तिसऱ्यात ब्लू-रेची. अमेरिकेत तेव्हा पहिले ब्लू-रे प्लेयर सुमारे १००० डॉलरांना मिळत, तर हे नवे प्लेस्टेशन ४९९ आणि ५९९ डॉलरांना मिळे. ज्याला खेळात मुळीच रस नव्हता, अशा माणसालाही तेथे कन्सोल घेणेच स्वस्त पडे! ब्लू-रेशी स्पर्धा करणारी एचडी डीव्हीडी नावाची दुसरी तबकडी होती. तोशिबा कंपनीने फेब्रुवारी २००८ मध्ये तिचा नाद सोडला. ब्लू-रेच्या या विजयात घरोघरी पोचलेल्या त्या खेळयंत्रांचाही वाटा होता.

परंतु अमेरिकेतला हिशेब वऱ्हाडात तसाच्या तसा लागू पडला नाही. भारतात ते नवे कन्सोल २००७ साली आले, तेव्हा त्याची किंमत ४० हजार रुपयांच्या घरात होती. साधा डीव्हीडी प्लेयर मात्र दोन-तीन हजारांत मिळे.

२००८ सालच्या उन्हाळ्यात दोघा भावांनी या पेचाचा निरनिराळा उलगडा केला. थोरले अमरावतीस राहत, धाकटे अकोल्यास. थोरल्यांच्या घरी नवा सपाट पडद्याचा संच आला होता. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाने वर्षभर एकच हट्ट धरला होता. "बाबा, एकाच यंत्रात खेळ आणि सिनेमा दोन्ही येतील, मग दोन यंत्रे कशाला?" बोलणे खोटे नव्हते. कन्सोल घरी आला.

धाकट्यांनी निराळा विचार केला. त्यांच्या घरातील संच जुना, काचेच्या नळीचा. त्यावर ब्लू-रेची सूक्ष्म रेखीवता दिसणारच नव्हती. त्यातून ते दिवस भारनियमनाचे. अकोल्याचा वैशाख म्हणजे अंगाची लाही करणारा. त्यात तासन्‌तास वीज नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालवावा की खेळयंत्र? त्या वेळचे मोठे कन्सोल चित्रपट दाखवितानाही दीडशे वॅटहून अधिक वीज घेत. साध्या प्लेयरचे काम दहा-वीस वॅटांत भागे. शिवाय घरात आजी होती आणि आजीजवळ व्हीसीडींचे एक गाठोडे होते. धाकट्यांनी प्लेयर आणला.

त्या दिवाळीत आजी अमरावतीस आली, ती गाठोडे घेऊनच. त्यात जुने मराठी चित्रपट होते आणि आत्याच्या लग्नाची, २००३ सालची, एक तबकडी होती. नातवाने मोठ्या उत्साहाने ती कन्सोलमध्ये घातली. पडद्यावर काहीच आले नाही. त्याने ती बाहेर काढली, मऊ फडक्याने पुसली आणि पुन्हा घातली. तरीही काही नाही.

"आजी, तबकडी खराब झाली असेल," तो म्हणाला.

"खराब कशी होईन रे? परवाच त अकोल्यात पाह्यली मी," आजी म्हणाली आणि क्षणभराने पुढे बोलली, "राहू दे बाप्पा. नाही दिसत त नाही दिसत."

तबकडी चांगली होती आणि यंत्रही चांगले होते. कन्सोलला व्हीसीडीची लिपी शिकविलेलीच नव्हती, एवढेच. दिमाखदार ब्लू-रे वाचणारे ते यंत्र, जुन्या साध्या तबकडीपुढे मात्र निरक्षर ठरले! परंतु मुलाच्या मनाला खरी टोचणी लागली ती आजीच्या त्या "राहू दे"ने. वर्षभर त्याने या यंत्राचे सारे गुण तोंडपाठ केले होते. पण आजीच्या गाठोड्यात काय आहे, हे एकदाही विचारले नव्हते. त्याने त्याच रात्री अकोल्यास काकांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी काका मुलीला घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत तो लहानसा प्लेयर होता. संच सुरू झाला. मांडव दिसला, सनई वाजली आणि पंगतीत फिरत "या, बसा, बसा" असे म्हणणारे आजोबा दिसले. आजोबा २००४ साली वारले होते. तो आवाज आपण विसरून गेलो होतो, हे नातवाला तो ऐकल्यावरच कळले. आजी पदराने डोळे टिपत होती आणि हसतही होती.

यावरून कन्सोल घेणे चुकले, असे कोणी म्हणू नये. त्याच संध्याकाळी दोन्ही घरची भावंडे शेजारी बसून पडद्यावर मोटारींची शर्यत खेळली आणि आजीनेही त्यांची मौज पाहिली. जाताना मुलाने बहिणीला एक नवा ब्लू-रे चित्रपट दिला. तो अकोल्याच्या प्लेयरमध्ये चालला नाही! एकाला जुनी लिपी येत नव्हती, तर दुसऱ्याला नवी येत नव्हती. सर्व काही करणारे यंत्र कोठेच नसते.

म्हणून वस्तू निवडताना 'हे यंत्र किती कामे करते?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. 'आमच्या घरात कोणती कामे आहेत, आणि ती कोणाची आहेत?' हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. दुकानदाराच्या यादीत यंत्राचे गुण लिहिलेले असतात. घरातील माणसांच्या गरजा त्या यादीत नसतात. जो हट्ट धरतो त्याची गरज सर्वांना ऐकू येते. जो "राहू दे" म्हणतो त्याची गरज विचारल्यावाचून कळत नाही.

पुढे काळ झपाट्याने बदलला. २०१३ साली आलेल्या चौथ्या प्लेस्टेशनला गाण्यांची साधी सीडीही वाजविता येईना. २०२० साली आलेल्या पाचव्याचा तर एक प्रकार असा निघाला की, त्यात तबकडी घालण्यास खाचच नाही. खेळ आणि चित्रपट आता इंटरनेटवरून येतात. तबकड्या मात्र अजून कितीतरी घरांच्या कपाटांत आणि ट्रंकांत पडून आहेत. कोणाचे लग्न, कोणाचे बारसे, कोणाचा आवाज त्यांत बंदिस्त आहे. ते चित्रण वेळीच नव्या साधनांवर उतरवून घेणे शहाणपणाचे. आणि तोवर तो जुना, एकच काम करणारा प्लेयर मोडीत काढू नये. कुलूप शाबूत आहे तोवर किल्ली कितीही जुनी झाली, तरी ती जपावीच लागते.