छत्तिसाचा आकडा

माझा भाचा नोकरी काय करतो, हे त्याच्या आईला सांगता येत नाही. मुलगा डॉक्टर आहे, इंजिनिअर आहे, निदान 'आयटीत आहे' असं म्हटलं की पुण्यात पुढचा प्रश्न येत नाही. पण 'मुंबईत वकिलांच्या कंपनीत मार्केटिंगला आहे' म्हटलं की मुलीचे वडील हातातली पोह्यांची बशी खाली ठेवतात. ताईच्या देखत ही बशी वर्षभरात तीनदा खाली ठेवली गेली होती.

"तू बँकेतला. तुला चारचौघांत बोलायची सवय. आता चौथ्या ठिकाणी तू चल," तिनं फर्मावलं. बँकेतला माणूस चारचौघांत बोलतो हा गैरसमज आहे. तो फक्त 'पलीकडच्या खिडकीवर जा' एवढंच बोलतो. तरी मी गेलो. एक तर भाचा माझ्यासारखाच बी. कॉम. दुसरं म्हणजे मार्केटिंगमधलं मलाही थोडं कळतं. पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात विमा बांधायचं टार्गेट दर मार्चला माझ्या गळ्यात असतं. शिवाय २०२४ पासून आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटर तेच, पंखा तोच.

रिक्षात मी त्याची उजळणी घेतली.

"म्हणजे तू वकिलांच्या जाहिराती करतोस?"

"मामा, जाहिरातच तर करायची नाही! बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६. वकिलानं जाहिरात करायची नाही, दलाल नेमायचे नाहीत, लढवलेल्या खटल्याच्या निमित्तानं पेपरात फोटो छापून आणायचे नाहीत. स्वतः नाही आणि आडवाटेनंही नाही."

"मग तुला पगार कशाचा?"

एमबीए करून दोन वर्षं बिस्किटं विकल्यावर तो या लॉ फर्ममध्ये लागला. लंडनहून चेंबर्स, लीगल ५०० अशा निर्देशिका निघतात. त्या लॉ फर्मची क्रमवारी लावतात. त्यांच्याकडे वर्षातल्या बड्या कामांची यादी पाठवायची आणि सोबत अशिलांची नावं द्यायची, म्हणजे ते अशिलांनाच विचारतात, वकील कसा आहे? कायदा बदलला की टिपण काढून अशिलांना धाडायचं. कुठल्या अशिलानं कोणतं काम आपल्याला दिलं आणि कोणतं परस्पर दुसरीकडे नेलं, याची नोंद ठेवायची. (हे शेवटचं काम आमची ताई भावकीच्या बाबतीत बिनपगारी करते.)

"आणि पुढे?"

"पुढे मॅनेजर, मग हेड. पार्टनर मात्र कधीच नाही. वकिलाला बिगरवकिलाशी भागीदारी करता येत नाही. ऑफिसात आम्हाला 'नॉन-लॉयर' म्हणतात." हे तो हसत म्हणाला, पण रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाला.

सदाशिव पेठेतल्या त्या दारावर भलीमोठी पाटी होती. वर नाव, खाली 'जमीन, कुळकायदा व वाटणीच्या दाव्यांचे विशेषज्ञ', आणि पुणे असल्यामुळे त्याखाली 'चपला रांगेत काढाव्यात'. भाचा तिथे जरा रेंगाळला. मला वाटलं, चपला रांगेत लावतोय.

हो, मुलीचे वडील वकील होते! शिवाजीनगर कोर्टात पस्तीस वर्षं. पत्रिकेत छत्तिसांपैकी सत्तावीस गुण जुळले होते, पण नोकरीचं नाव निघताच छत्तिसाचा आकडा झाला. बशी खाली.

"वकिलीचं मार्केटिंग? अहो, मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहून अशिलं ओढायचे. धक्काबुक्की चालायची! १९७५ साली ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं. वकिली हा धंदा नव्हे!"

माझ्या डोळ्यांसमोर स्टँडवर एस. टी.तून उतरणाऱ्याची पिशवी ओढणारे लॉजवाले आले. मदत म्हणून मी म्हणालो, "अमेरिकेत १९७७ पासून वकिलांना जाहिरात चालते." ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पलीकडच्या खिडकीवर गेलो.

"काका, नियम मला पाठ आहे," भाचा हळूच म्हणाला. "पोटापुरता. पाटीसुद्धा वाजवी आकाराची लागते. आणि अमुक कामात विशेषज्ञ आहोत, असं पाटीवर लिहिता येत नाही."

मी छताकडे पाहिलं. ताईनं मनातल्या मनात पाचवं स्थळ शोधायला घेतलं. वकीलसाहेब उठले, बाहेर गेले आणि पस्तीस वर्षांत प्रथमच ती पाटी प्रतिपक्षानं लावल्यासारखी वाचत उभे राहिले. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, पोहे निवतायत."

ते परत आले. "वेबसाइटवर चालतं का हो?"

"२००८ च्या दुरुस्तीनंतर चालतं. नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र. जमिनीचे दावे एवढं लिहा. 'विशेषज्ञ' नको."

"मला करून द्याल?" आणि त्यांनी बशी उचलली.

लग्न ठरलं. पाटीवरची मधली ओळ पेंटरनं बुजवली. चपलांची ओळ आहे तशीच आहे, तिला कुठलाच नियम आड येत नाही. परवा पत्रिका वाटताना ताई पुन्हा म्हणाली, "अरे, पण मांडवात कुणी विचारलं तर काय सांगू? हा करतो काय?"

"सांग, वकिलांना गप्प बसवायचा पगार घेतो."

ती एकदम खूश झाली. आता ती न विचारताच सांगत सुटली आहे.