चामोर्शीहून मक्याच्या माहेरी

धान कापणीला आलेले असताना कृषी खात्यातल्या माणसाने रजा मागावी, हे काही शोभणारे नव्हे. पण जावई नोकरीनिमित्त मेक्सिकोत, लेक दिवाळीला बोलावत होती, आणि पंचावन्नी गाठली तरी माझी धाव मुंबईच्या पलीकडे गेली नव्हती. शेवटी २०२४ च्या ऑक्टोबरात मी आणि सौभाग्यवती विमानात बसलो. दोनदा विमान बदलून उतरलो तेव्हा घड्याळ साडेअकरा तास मागे गेले होते. चामोर्शीत दिवेलागण, तेव्हा इथे पहाट.

मेक्सिकोपासून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, ब्राझीलसारखे काही देश सोडले, तर सगळीकडे स्पॅनिश भाषा चालते. मला तिचे दोनच शब्द येत होते, एक नमस्काराचा आणि एक आभाराचा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच. जिना चढताना दम लागला. तो वयामुळे नव्हे, उंचीमुळे, असे लेकीने सांगितले आणि मी ते लगेच मान्य केले.

बोली परकी, पण बाजारात गेलो आणि सगळे घरचेच दिसले. मिरची, टमाटे, पपई, भुईमूग, भोपळा. एक बाई 'चिकोसापोते' म्हणून ओरडत होती, पाहतो तर आपला चिकू! वाचकहो, मिरची ही आपल्या सिरोंचाकडची, असा माझा समज शाळेत असताना होता. पुढे पुस्तकात खरे वाचले, पण डोळ्यांनी पाहणे वेगळे. ही सारी पिके अमेरिका खंडातली. गेल्या चार-पाचशे वर्षांत पोर्तुगीज वगैरे परदेशी लोकांबरोबर ती आपल्याकडे आली आणि आपल्या चुलीवर अशी रुळली की पाहुणी वाटतच नाहीत.

एका ठिकाणी मात्र मी थबकलो. मक्याच्या कणसावर काळी बुरशी धरून फुगलेले दाणे टोपलीत मांडले होते. ही काणी! दिसली की कणीस उपटून जाळा, असे मी जन्मभर सांगत आलो. इथे ती भाजी म्हणून मक्यापेक्षा महाग विकतात. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, मी दुसरीकडे पाहिले.

तिचे लक्ष भाकरीवर होते. इथे मका तसाच दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन साल काढतात आणि ओलाच वाटतात. पूर्वी त्यासाठी दगडी पाटा असे, थेट आपल्या पाट्या-वरवंट्यासारखा. चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका नेला पण ही युक्ती नेली नाही. तिथे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला, कातडी सोलवटली, माणसे भ्रमिष्ट झाली. बी नेले, पण बाईच्या हातचे ज्ञान मागेच राहिले.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले. नेमका तोच दिवस इथे पितरांचा. घरोघरी मेलेल्यांचे फोटो, पुढे त्यांच्या आवडीचे खाणे आणि सगळीकडे झेंडूच झेंडू. झेंडूही इथलाच. लेकीच्या दारी तोरण, शेजारणीच्या दारी पितरांसाठी पाकळ्यांची वाट. शेजारीण आमचा दिवा पाहायला आली आणि ओंजळभर फुले ठेवून गेली. बोलणे काहीच झाले नाही.

पुढच्या आठवड्यात चापिंगोच्या कृषी विद्यापीठात गेलो. खरे सांगायचे तर याचसाठी मी मुलीचे ऐकले होते. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, देशोदेशी भटकून १९२४ साली मेक्सिकोत आले आणि इथल्या शेतकी शाळेत शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दियेगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने शिक्षण खात्याच्या भिंतीवर चित्र काढले, त्यात पंगतीच्या मधोमध भाकरी मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण २०२२ साली लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. त्या पुतळ्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. आमच्या बी.एस्सी.च्या चार वर्षांत हे नाव एकदाही कानी पडले नव्हते.

जवळच एल बातान येथे मका आणि गहू यांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. लेर्मा रोहो, सोनोरा ६४ ही गव्हाची नावे आम्ही पाठ केली होती. १९६६ साली आपल्या देशाने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले, ते त्याच कामाचे फळ. आधी पत्र पाठवून परवानगी काढली होती, म्हणून बियाण्यांची पेढी पाहता आली. मक्याचे सुमारे २८,००० नमुने, गव्हाचे दीड लाखावर, उणे १८ अंशांच्या थंडीत जपलेले. पांढरा, पिवळा, निळा, काळसर तांबडा मका. एखाद्या डोंगरातल्या शेतकऱ्याने दिलेले मूठभर दाणेसुद्धा नाव-गाव लिहून ठेवलेले.

आणि मला लुचई आठवली.

नोकरीच्या सुरुवातीला वैनगंगेकाठच्या एका गावात एका आजींच्या कोठीत लुचई धानाचे बियाणे होते. उत्पन्न कमी, ताटे उंच, वाऱ्याने लोळतात. मी सांगितले, हे टाका, सुधारित वाण घ्या. सुधारित वाणाने पोत्यांची संख्या वाढली, ते मी आजही चूक म्हणत नाही. पण टाका कशाला म्हणालो? एक बांधी तरी राखा, म्हणायला काय गेले असते?

परत आल्यावर त्या गावी गेलो. आजी आता नव्वदीच्या घरात, कान मंद. लुचईचे विचारले तर म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच म्हणलं होतं ना, टाका म्हणून." त्यांच्या सुनेने मग सांगितले, नदीपलीकडे तिच्या माहेरी कोणाकडे तरी असेल. दोन खेपा घातल्या, पायलीभर धान मिळाले. २०२५ च्या खरिपात सुनेने ते घराजवळच्या बांधीत लावले. पीक चांगले कमरेच्या वर गेले. ती लुचईच की दुसरे काही, हे मला सांगता येईना. लोंबी भरल्यावर आजींना बांधावर खुर्ची टाकून बसवले. त्यांनी चार दाणे दातांऐवजी हिरड्यांनीच फोडले, थोडा वेळ चघळले आणि सुनेला म्हणाल्या, "यांना जेवून जायला सांग."