आधी वाचून बघा, मग छापा

आमच्या भजनी मंडळात बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. अभंगांची जुनी पुस्तिका फाटली, म्हणून नवी छापायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं.

डीटीपीवाल्याने नमुना पानं दिली ती वळणदार, सुलेखनासारख्या फॉन्टमध्ये. दिसायला सुरेख होती. पण संध्याकाळी देवळात बसून म्हणायला लागलो, तर कुणाला घ आणि ध ओळखू येईनात, कुणाला भ आणि म. अनुस्वार वेलांटीत हरवले होते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकत होता. एका काकूंनी पान मिटलं आणि म्हणाल्या, "मला पाठ आहे." त्यांना पाठ नव्हतं. ते मला फार लागलं.

दुसरी अडचण फाइलची. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होता. माझ्या संगणकावर नुसती निरर्थक चिन्हं दिसली. तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. त्यात काही रफार आणि जोडाक्षरं बिघडली, म्हणून जुनी पुस्तिका शेजारी ठेवून ओळन् ओळ तपासली.

मग एकच अभंग मंगल, मुक्ता आणि तिरो देवनागरी मराठी अशा तीन फॉन्टांत छापला. मंगल विंडोजसाठी मिळतो, बाकीचे दोन मोफत मिळतात. फॉन्टची नावं सांगितली नाहीत, पानांवर फक्त क, ख, ग लिहिलं. सगळीकडे आकार १६ पॉइंट, तरी अक्षरं लहानमोठी दिसली. म्हणजे नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिरोतलं अक्षर सर्वांना आवडलं. त्यातले ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. पण झेरॉक्स काढली की त्याच्या बारीक रेषा पुसट होत. मुक्ताच्या रेषा जवळपास सारख्या जाडीच्या, अक्षरांची पोटं मोकळी. ते पान चष्मा पुसत न बसता वाचता आलं. म्हणून अभंग मुक्तात घेतले आणि मथळे मोठ्या आकारात तिरोमध्ये.

ओळींमधलं अंतर दीडपट केल्यावर उकार-मात्रांची टक्कर थांबली. सगळा मजकूर ठळक करा, असाही आग्रह झाला. करून पाहिलं, तर द्ध, क्ष, ष्ठ शाईने भरल्यासारखे दिसले. तो बेत सोडला. चकाकणाऱ्या आर्ट पेपरऐवजी नॅचरल शेडचा मॅपलिथो कागद घेतला. रंगीत अक्षरं टाळली. एक अभंग शक्यतो एकाच पानावर बसवला. पानं वाढली, खर्चही थोडा वाढला.

आता त्या काकू पुस्तिका उघडून म्हणतात. मला तेवढं पुरे आहे.

तुम्ही आरतीसंग्रह, सोसायटीचा अहवाल किंवा स्मरणिका छापणार असाल, तर एवढं कराच. छपाईला होकार देण्याआधी एक पान खऱ्या आकारात छापून घ्या. ते जिथे वाचलं जाणार, तिथल्याच उजेडात, सर्वांत वयस्कर वाचकाच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. वाचक जिथे अडखळतील, तिथे आधी दुरुस्ती करा.