दिलेला शब्द

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत जन्मला नि तेथेच वाढला. आर. ओ. टी. सी. ही तेथील कॉलेजांतून लष्करी अधिकारी घडविणारी योजना १९१६ साली सुरू झाली. तिची शिष्यवृत्ती त्यास मिळाली तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले. सरकार कॉलेजची फी भरते. पदवीनंतर तरुणाने सैन्यात सेवा करावयाची.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांस पक्षाघात झाला. त्याने लिहिले, "मामा, पूर्णवेळ फौजेऐवजी राखीव दलाचा करार करावा म्हणतो. हे शब्द मोडणे होईल काय?"

अर्ध्या शेतात नांगर सोडतो आहे, असे वाटून मी रागाचे पत्र लिहिले. मग त्याने सोबत धाडलेल्या अटी वाचल्या. बांधिलकी दोन्ही वाटांनी आठ वर्षांचीच. राखीव दलात महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी सुमारे दोन आठवडे कवायत. एरवी नोकरी करून घरी राहता येते. मात्र युद्धाचे बोलावणे आले की निघावेच लागते. २००३ नंतर राखीव दलांतले हजारो जण इराकला गेले. शिवाय एकदा हा करार केला की पूर्णवेळ फौजेत परतणे सोपे नसते. पोराने आपले स्वप्न बापाच्या खाटेपाशी ठेवले होते.

ते पत्र मी फाडले. नव्यात लिहिले, "बाळा, वरिष्ठांस विचार, प्रत्येक अट वाच, मगच सही कर. तुझा शब्द शाबूत आहे."

त्याखाली त्याच्या मामीनेही सही केली.