पोहता येते, आता शर्यतीचे नियम शिकवू या

आमच्या टोकावड्याच्या बाजूला मूल पोहायला शिकते ते विहिरीत. कमरेला सुका भोपळा नाही तर टायरची ट्यूब बांधायची आणि काका-मामाने वरून ढकलून द्यायचे, हीच आमची शाळा. दोन उन्हाळ्यांत मूल सूर मारू लागते, बुडी मारून तळाची माती वर आणून दाखवते. परंतु हेच मूल स्पर्धेच्या तलावावर गेले की गांगरते. अंगात बळ कमी असते म्हणून नव्हे. विहिरीतले पोहणे वेगळे आणि शर्यतीतले पोहणे वेगळे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आम्ही वस्तीतल्या चार घरांनी मिळून पाच मुलामुलींना शालेय जलतरण स्पर्धेसाठी तयार केले. आमच्यात कोणी प्रशिक्षक नाही. कोणी मुरबाडच्या कारखान्यात, कोणी वीटभट्टीवर, कोणी शेतावर राबणारे. जे कळले ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

पहिली गोष्ट जिवाची. सराव पायऱ्यांच्या विहिरीतच, आणि काठावर दोर घेऊन एक पोहणारा मोठा माणूस हवाच. पावसाळ्यात काळू नदीवर आम्ही मुलांना फिरकू दिले नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तर कधीच नाही. त्याची कड इतकी निसरडी असते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

रविवारी मुलांना एस.टी.ने शहराच्या तलावावर नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी त्यांची हौस पळाली. पाणी नितळ, तळ स्वच्छ दिसणारा, औषधाने डोळे चुरचुरणारे. विहिरीत चार हात मारले की भिंत येते. इथे पंचवीस मीटर संपता संपत नव्हते. शिवाय आपल्याकडे डोके वर ठेवून पोहतात, त्याने कंबर खाली जाते आणि दम लवकर लागतो. म्हणून महिनाभर वेगाचे नावच काढले नाही. तोंड पाण्यात घालायचे, श्वास पाण्यात सोडायचा, तळाच्या काळ्या पट्ट्यावरून सरळ जायचे, एवढेच. श्वास सोडण्याचा सराव घरी पाण्याने भरलेल्या बादलीतही होतो.

मग नियम. लांब शिट्टी झाली की ओट्यावर चढायचे, पंचाने सांगितले की वाकून स्थिर राहायचे, इशाऱ्याआधी हलले की बाद. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. बॅकस्ट्रोकची शर्यत पाठीवरच संपवायची. फ्रीस्टाईलमध्ये दम लागला तर तळावर क्षणभर उभे राहता येते. पण चालायचे नाही आणि दोर धरून स्वतःला ओढायचे नाही. हे आम्ही संध्याकाळी अंगणात, भिंतीला हात लावून, खेळासारखे घोटून घेतले.

मुलींच्या पोहण्याच्या पोशाखावरून घरोघरी कुरबूर झाली. सैल कपडे पाण्याने जड होतात आणि मुलीला मागे ओढतात. शिवाय स्पर्धेला पोहण्याचाच पोशाख लागतो. एका आईला तलावावर नेऊन बसवले. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि पुढच्या रविवारी स्वतःच मुलीची पिशवी भरून दिली.

स्पर्धेच्या दिवशी आमच्यातल्या एका मुलाला कडेची लेन मिळाली. त्याचा चेहरा उतरला. पुढे ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्याचा एकच हात भिंतीला लागला आणि पंचांनी त्याला बाद केले. बाहेर येऊन त्याने हळूच विचारले, “आपल्याला मुद्दाम काढलं का?”

वाचकहो, हा प्रश्न आपल्या घरात कुठून येतो हे आपणास सांगायला नको. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, ज्यांना 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांबरोबर महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्यांच्या नातवंडांचा तो प्रश्न आहे. त्याला आम्ही गप्प केले नाही. शेजारी बसवून समजावले. आठ लेनच्या तलावात ज्याची वेळ सर्वांत चांगली त्याला चौथी लेन मिळते. ज्याची वेळ अजून नोंदलेलीच नाही तो कडेला. आज तुझी वेळ नोंदायची आहे. त्याच शर्यतीत शहरातला एक मुलगाही एका हातामुळेच बाद झाला होता. तो दाखवल्यावर त्याचे समाधान झाले. नियम ठाऊक असला की मूल विनाकारण खचत नाही. आणि कधी खरोखर अन्याय झालाच, तर तो ओळखून नीट तक्रारही करता येते.

बाकीच्या चौघांनी आपापली शर्यत पूर्ण केली. पदक एकालाही नाही. पहिल्या स्पर्धेत पूर्ण पोहून येणे आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाण्यात उतरावेसे वाटणे, हेच खरे यश.

मुलांना आम्ही मुरलीकांत पेटकरांची हकीकत सांगतो. सांगली जिल्ह्यातला हा जवान मुष्टियुद्ध खेळायचा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आला. सुरुवात कुठून झाली याला पाणी विचारत नाही.

तेव्हा पालकांनो, एवढे करा. शाळेतून वयोगट आणि अर्जाची तारीख वेळेवर विचारा. शालेय स्पर्धेत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. जन्मतारखेचा दाखला आधीच काढून ठेवा. आदल्या रात्री मुलाला लवकर झोपवा. शर्यतीच्या दोन तास आधी भाकरी किंवा केळे द्या, स्टँडवरचा वडा नको. आणि मूल बाहेर आले की “कितवा आलास?” हे विचारण्याआधी टॉवेल पुढे करा.