चुलीशेजारी गॅसची शेगडी

अर्नाळ्यातल्या जुन्या कौलारू घरांची स्वयंपाकघरं आता बदलताहेत. सुनेला उभ्याने रांधायला ओटा हवा. सासूला जमिनीत पुरलेलं उखळ हलवायचं नाही. दोघींचंही बरोबरच आहे.

ओटा बांधावा, नळ घ्यावा. पण भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापू नये. खाऱ्या दमट हवेत चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग पोपडे सुटतात.

शहाबादी फरशीही राहू द्यावी. चुनखडीचाच दगड तो. कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच पुसावं, नाहीतर डाग कायमचा.

आणि धुराडं बुजवू नका. सुके बोंबील भाजताना तेच कामी येतं.